उरलेली गाडी

"अगं बाई! गाडीवर विंचू कशाला काढलाय?"

आमच्या घरात पहिली गाडी आली तेव्हा आजीच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. ओवाळायचं ताट तिच्या हातात तसंच अधांतरी राहिलं. लोकांच्या गाडीवर गणपती असतो, 'आईचा आशीर्वाद' असतो, गेलाबाजार लिंबू-मिरची तरी असते. आमच्या गाडीच्या नाकावर आणि चाकांच्या मधोमध नांगी उगारलेला विंचू! नाथांची भारुडं तोंडपाठ असलेल्या आजीने मग बाबांकडे एकदा नीट पाहिलं आणि निदान करून टाकलं, "तरीच! मी म्हणतच होते, याला काहीतरी डसलंय."

तो 'डसलेला' माणूस म्हणजे माझे बाबा. आणि गाडी म्हणजे अबार्थ पुंटो. २०१७ मध्ये बनलेली आणि २०२० च्या मार्चमध्ये विकत घेतलेली. मधली अडीच वर्षं ती कुणीच घेतली नाही म्हणून पुण्यातल्या एका शोरूमच्या मागच्या आवारात उभी होती. थोडक्यात सांगायचं तर, उरलेली गाडी.

मेकॅनिकलची मुलं अंकात लिहीत नाहीत आणि लिहिलं तर कविता लिहितात, अशी आपल्या संपादक मंडळींची जुनी तक्रार आहे. म्हणून म्हटलं, जाता जाता निदान एका गाडीची गोष्ट सांगून जावी.

आम्ही शिरूरचे. पुण्याहून नगर रस्त्याने आमच्याकडे येताना वीसेक किलोमीटर आधी रांजणगाव लागतं. बहुतेकांना ते महागणपतीमुळे माहीत, आमच्या घराला ते एमआयडीसीमुळे. तिथे फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतला मोठा कारखाना आहे. वडाभोवती जशी लहान झुडपं उगवतात, तसे त्याच्याभोवती लहान कारखाने उगवले. त्यातल्याच एकात बाबा क्वालिटीला आहेत. दिवसभर हातात 'गो' आणि 'नो-गो' गेज. मेट्रॉलॉजी शिकलेल्यांना सांगायला नको, भोकात गो गेलं पाहिजे आणि नो-गो जाता कामा नये. जमलं तर पार्ट पास, नाहीतर लाल ट्रेमध्ये! बाबांच्या हाताखालून गेलेले काही ब्रॅकेट पुढे पुंटोच्या पोटाखाली जाऊन बसायचे. कोणता ब्रॅकेट कोणत्या गाडीला, हे कळायची सोय नाही. तरी रस्त्यात पुंटो दिसली की बाबा मान वाकडी करून तिच्या मागच्या चाकाजवळ बघायचे. लोक गाडी बघतात, आमचे बाबा ब्रॅकेट बघतात.

तसं 'फियाट' हे आमच्या घरात जुनंच नाव. आजोबा तरुणपणी मुंबईत काळीपिवळी चालवायचे. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याला बनलेली. पण तिला पद्मिनी म्हणणारा माणूस आमच्या घरात तरी कुणी नव्हता, सगळे फियाटच म्हणायचे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा आजीने टीव्ही बंद केला आणि चहा न घेता बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. असो.

आता ही अबार्थ काय भानगड आहे ते सांगतो. कार्लो अबार्थ नावाचे गृहस्थ १५ नोव्हेंबर १९०८ रोजी व्हिएन्नात जन्मले. रास वृश्चिक, म्हणून कंपनीचं चिन्ह विंचू. (हे सांगितल्यावर आजीचा विरोध निम्म्यावर आला. "रास आहे होय! मग असू दे.") त्यांनी ३१ मार्च १९४९ रोजी इटलीत आपली कंपनी काढली. साध्यासुध्या छोट्या फियाट घ्यायच्या आणि त्यांना पळायला शिकवायचं, हा मुख्य धंदा. १९७१ मध्ये फियाटने ती कंपनीच विकत घेतली. ही ३१ मार्च तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०१५ च्या ऑक्टोबरमध्ये रांजणगावच्या पुंटोला हा विंचू चिकटला. बाहेरून पुंटोच, पण बॉनेटखाली १३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन. १४५ हॉर्सपॉवर, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि शून्य ते शंभर ८.८ सेकंदांत, असा कंपनीचा दावा. एवढ्याशा आकाराच्या गाडीत त्या वेळी साधारण ८०-९० हॉर्सपॉवर मिळायची, त्यावरून अंदाज करा. दिल्लीतली शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार. ज्यांना गाड्यांतलं कळत होतं त्यांनी तोंडभरून कौतुक केलं... आणि घेतली नाही! दहा लाखांत चांगली लांबलचक डिकीवाली गाडी येते, मग एवढीशी कशाला, हा एक प्रश्न. आणि दुसरा आपला राष्ट्रीय प्रश्न, "ॲव्हरेज किती देते?" टर्बोवाल्या गाडीने या प्रश्नाचं उत्तर हळू आवाजात द्यायचं असतं.

पुढे पुंटोच बंद झाली. २०१९ च्या सुमारास फियाट नावाची नवी गाडी आपल्याकडे मिळणं जवळपास थांबलं. रांजणगावात जीप कंपास बनू लागल्या होत्या. शोरूमच्या पुढच्या काचेत कंपास चमकायला लागली आणि उरल्यासुरल्या फियाट मागच्या आवारात गेल्या.

बाबांना ही खबर कारखान्याच्या बसमध्ये लागली. जानेवारी २०२० ची गोष्ट. "एक अबार्थ उभी आहे, २०१७ ची. कुणी घेत नाही, तीन लाखांच्या वर कमी करतायत." त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं आणि बाबांनी ती मुकाट्याने खाल्ली. आईने लगेच ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

एवढी सूट का, तर त्याला कारण होतं. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१८ मध्येच सांगून ठेवलं होतं, की १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ गाड्यांची विक्री नाही आणि पासिंगही नाही. म्हणजे ३१ मार्चपर्यंत नंबर पडला तर ती गाडी, नाहीतर हजार-बाराशे किलो भंगार. शोरूमवाल्यांना हा अनुभव नवा नव्हता. २०१७ च्या मार्चअखेरीस बीएस-३ चं असंच झालं होतं, तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत आमच्या गल्लीत तीन नव्या मोटारसायकली आल्या होत्या. शिवाय गाडी उभी असली तरी तिच्यात अडकलेल्या पैशांचं व्याज उभं राहत नाही, ते चालूच असतं.

आईचा विरोध मात्र भक्कम होता, आणि खरं सांगायचं तर तिचा प्रत्येक मुद्दा बरोबर होता.

"पहिली गाडी घ्यायची, तीही बंद पडलेलं मॉडेल? पार्ट कुठून आणणार? उद्या विकायची म्हटलं तर घेणार कोण? आणि पैसे कुठले?"

पैसे वरच्या खोलीचे होते. आमच्या घरावर एक खोली चढवायची म्हणून आई-बाबांनी सात वर्षं एफडी आणि भिशीत पैसे साठवले होते. मी दहावीत होतो. पुढे अकरावी-बारावीला मला अभ्यासाला वेगळी खोली, असा तो बेत होता. बाबांचं म्हणणं, खोली दोन वर्षांनीही बांधता येईल, ही गाडी दोन महिन्यांनी मिळणार नाही. आईचं म्हणणं, गाडी नसली तर अडत नाही, खोली नसली तर अडतं. आठ दिवस आमच्या घरात फक्त प्रेशर कुकर बोलत होता.

शेवटी आई म्हणाली, "बघून तर या. पण बघताना क्वालिटीवाल्यासारखं बघा, ग्राहकासारखं बघू नका."

२९ फेब्रुवारी, शनिवार. मंगळवारपासून माझी दहावीची परीक्षा. "मराठीचाच तर पेपर आहे," असं म्हणून मी बाबांच्या मागे एसटीत बसलो. (मराठी विभागाच्या वाचकांनी हे वाक्य कृपया मनावर घेऊ नये.)

शोरूममधल्या एसीतून आम्हाला मागच्या दाराने बाहेर नेलं. पत्र्याच्या शेडखाली, धुळीचा जाड थर पांघरून ती उभी होती. पांढरी होती, पण ते बोट फिरवल्यावर कळलं. वायपरच्या रबराला भेगा, मागच्या काचेवर कबुतरांची कृपा. सेल्समन तरुण होता, बोलायला गोड. म्हणाला, "काका, एकदम झिरो किलोमीटर!"

बाबा म्हणाले, "किलोमीटर झिरो असतील हो, वर्षं झिरो नाहीत."

आणि पिशवीतून त्यांनी टॉर्च, छोटा आरसा, हवेचं गेज आणि वही काढली. त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढचा दीड तास बाबांनी त्या गाडीची जी तोंडी परीक्षा घेतली, तशी आपल्याकडचा एकही एक्स्टर्नल घेत नसेल.

आधी टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे होतं ३६१७, म्हणजे २०१७ मधला छत्तिसावा आठवडा. टायर न फिरताही म्हातारं होतं. रबर कडक होतं आणि एकाच जागी उभं राहून जमिनीला टेकलेला भाग चपटा पडतो. मग बॅटरी. लेड-ॲसिड बॅटरी वापरा किंवा न वापरा, हळूहळू उतरतेच, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो. मग चार्ज केली तरी पूर्वीसारखी उठत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट-४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये, पाणी धरलेल्यासाठी हीच मर्यादा १५५ वर येते. म्हणजे घाटात ब्रेक तापले की पेडल खाली जायची भीती. टाकीतलं पेट्रोल शिळं झालेलं. डिस्कवर तांबूस गंज, पण वरवरचा. टायमिंग बेल्ट रबराचा, त्यालाही किलोमीटरइतकंच वयही मोजायचं.

हे सगळं बाबा मला सांगत होते आणि मी वहीत लिहून घेत होतो. मग ते चक्क खाली वाकले, आरसा आणि टॉर्च मागच्या चाकाच्या आत धरला आणि बराच वेळ तसेच राहिले. उठले तेव्हा गुडघ्याला माती आणि चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी. मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. बसलाय व्यवस्थित."

ब्रॅकेट!

मग दुसरी बॅटरी आणून जोडली आणि गाडी चालू केली. पहिल्यांदा खोकली, धूर सोडला, मिनिटभराने आवाज सरळ झाला. आवारातल्या आवारात बाबांनी ती चाळीस-पन्नास मीटर पुढे-मागे घेतली. चपट्या टायरांचा ढब-ढब आवाज येत होता. बाबा मात्र असे बसले होते, जसे काही हे दगडूशेठसमोरून मिरवणूक नेतायत.

मॅनेजरच्या टेबलावर बाबांनी वही उघडली. त्यांनी किमतीबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त उभं राहिल्याने काय काय गेलंय ती यादी वाचून दाखवली आणि प्रत्येकासमोर रक्कम लिहिली. विम्याचाही मुद्दा होता. पासिंग आज झालं तरी आरसीवर बनावटीचं वर्ष २०१७ च येणार, आणि विमा कंपनी वय मोजणार ते तिथून. दोन वर्षांच्या वरच्या गाडीची विमा किंमत ३० टक्क्यांनी खाली येते. म्हणजे उद्या चोरीला गेली तर भरपाई जुन्या गाडीची. शोरूमची 'नवी' आणि विम्याची 'जुनी', एकाच वेळी! हे सगळं ऐकल्यावर मॅनेजरने नवी बॅटरी, सगळी ऑइलं आणि वायपर स्वतःच्या खर्चाने कबूल केले. टायर आम्ही आमचे घालायचे. सगळं धरून सात लाखांच्या थोडं आत बसलं. बाबांनी पन्नास हजारांचा चेक लिहिला. लिहिताना त्यांचा हात किंचित थरथरत होता. आठ तास गेज धरणारा हात थरथरताना मी पहिल्यांदाच पाहिला.

घरी आल्यावर वेगळाच पेच. आई एव्हाना निमूट झाली होती, पण आजी म्हणाली, "पाडव्याला आणा. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त सोडून गाडी आणतात का कुणी?" गुढीपाडवा होता २५ मार्चला. शोरूमवालाही म्हणाला, पाडव्याला डिलिव्हरी घ्या, पासिंग त्याच सुमाराला करू, सहा दिवस हातात आहेत.

बाबा आजीचा शब्द सहसा मोडत नाहीत. त्या दिवशी मोडला. म्हणाले, "आई, सहा दिवसांचा टॉलरन्स मला चालत नाही. आरटीओत शेवटच्या आठवड्यात केवढी गर्दी होईल! सर्व्हर बंद पडला तर? नंबर आधी, मुहूर्त नंतर." त्यांना भीती गर्दीची होती. जे आलं ते त्यांच्या काय, कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नंबर पडला आणि १५ मार्चला, रविवारी, गाडी घरी आली. आजीने विंचवाला हळद-कुंकू लावलं. चाकाखाली लिंबू ठेवलं. टर्बोच्या पहिल्या झटक्यात त्या लिंबाचं काय झालं ते कुणालाच सापडलं नाही.

पुढचा रविवार जनता कर्फ्यूचा. सोमवारचा माझा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला. (आमची दहावीची बॅच भूगोलाशिवाय पास झालेली आहे, कधी रस्ता चुकलो तर समजून घ्या.) आणि २५ मार्चला, ऐन पाडव्याच्या दिवशी, सगळा देश बंद झाला. गुढी उभी राहिली, पण शोरूम बंद, आरटीओ बंद, रस्ते बंद. बाबांच्या कारखान्यातल्या एकांनी पाडव्याला न्यायची म्हणून बीएस-४ मोटारसायकल बुक करून ठेवली होती. ती त्यांना मिळालीच नाही, पैसे परत यायला पावसाळा उजाडला. कोर्टाने २७ मार्चला राहिलेल्या गाड्यांपैकी दहा टक्क्यांना लॉकडाउननंतर दहा दिवसांची सवलत दिली आणि जुलैमध्ये तीही मागे घेतली. ३१ मार्चच्या रात्री बाबा अंगणात गाडीजवळ नुसतेच उभे होते. अबार्थ कंपनीचा एकाहत्तरावा वाढदिवस! आजी दारातून म्हणाली, "तुझंच बरोबर निघालं रे." आमच्या घरात असं वाक्य वर्षातून एकदा ऐकायला मिळतं.

इथे गोष्ट संपली असती तर सोपं होतं. पण एप्रिलमध्ये कारखाना बंद, मे महिन्यात अर्धा पगार, जूनमध्ये अर्ध्या लोकांना बोलावलं. एफडी मोडलेली, भिशी संपलेली. दारात सात लाखांची गाडी आणि किराण्याची यादी रोज लहान होत चाललेली. एका रात्री मला झोप लागली नव्हती तेव्हा आईचा आवाज ऐकू आला, "खोली नसती झाली तरी चाललं असतं हो. पण पैसे तरी असते." बाबा काहीच बोलले नाहीत. बोलण्यासारखं काही नव्हतंच. आजही हा लेख लिहिताना मला वाटतं, त्या वर्षापुरतं आईचंच बरोबर होतं. एक आजारपण आलं असतं तर...? आलं नाही, हे आमचं नशीब. हुशारी नव्हे.

त्या दोन-अडीच महिन्यांत गाडी पुन्हा उभीच होती. विकली गेली आणि तरी उभीच! पण आता फरक होता. दर रविवारी सकाळी बाबा आणि मी ती चालू करायचो, इंजिन नीट तापू द्यायचो आणि दारातल्या दारात हातभर पुढे किंवा मागे घ्यायचो, म्हणजे टायर एकाच जागी टेकून राहणार नाही. महिन्यातून एकदा बॉनेट उघडून उंदरांनी वायर कुरतडली नाही ना ते बघायचं. सायलेन्सरमधून जाणाऱ्या गरम वायूवर एक छोटं चक्र फिरतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात जास्त हवा कोंबतं, हे टर्बोचं तत्त्व मला बाबांनी अंगणात, काडीने मातीत चित्र काढून शिकवलं. थर्ड इयरला तेच सरांनी पीपीटीवर शिकवलं. मातीतलं जास्त कळलं होतं. बारावीनंतर सगळे "कॉम्प्युटर घे, कॉम्प्युटर घे" म्हणत असताना मी मेकॅनिकल घेतलं, त्याचं मूळ तिथे आहे.

आता वर्तमानकाळात येतो. आम्ही शेवटच्या वर्षाला आहोत. प्लेसमेंटचा सीझन चालू आहे. आमच्या ब्रँचला आलेल्या कंपन्यांपैकी निम्म्या सॉफ्टवेअरच्या. मी पाच ठिकाणी बसलो. दोनदा ॲप्टिट्यूडला गेलो, दोनदा जीडीत, एकदा शेवटच्या इंटरव्ह्यूपर्यंत पोहोचलो आणि तिथून परत. हॉस्टेलवर ज्यांचं झालेलं नाही त्यांना एक नाव पडलंय, आयपीएलच्या लिलावातून आणलेलं. 'अनसोल्ड'. कुणी वाईट हेतूने म्हणत नाही. "चल रे अनसोल्ड, चहा प्यायला." मीही हसतो. पण रात्री खोलीत पडल्यावर तो शब्द छताला चिकटून असतो.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा ब्रेक ऑइल बदलायचं होतं. दर दोन वर्षांनी आम्ही ते घरीच करतो. हे काम एकट्याने जमत नाही. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाजवळ बसून निपल सैल करायचं, जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढायची, निपल आवळायचं, मग पेडल सोडायचं. मी पेडलवर, बाबा चाकाशी.

"दाब. धर... सोड."

मधेच, चाकाआडून, जणू हवामानाबद्दल बोलावं तसं बाबा म्हणाले, "बंगळूरहून एकाचा फोन आला होता. आपण घेतली त्याच्यापेक्षा दोन लाख जास्त देतोय. आता मिळत नाही म्हणतो अशी. तुला एमटेक करायचं असेल तर देऊन टाकू."

मला काय बोलावं कळेना. म्हणजे जी गाडी दोन महिन्यांनी भंगार होणार होती, ती आता लोक शोधत फिरतायत! तोच लोखंडाचा सांगाडा, तेच १३६८ सीसी. गाडीत काही बदललं नाही, बदललं ते कॅलेंडर. मी विचारलं, "बाबा, अडीच वर्षं कुणी न घेतलेली गाडी घेताना भीती नाही वाटली?"

"वाटली की. म्हणून तर टॉर्च नेला होता." मग थोडं थांबून, "खोट आहे म्हणून उरली, की घेणारा भेटला नाही म्हणून उरली, एवढंच बघायचं होतं. दोन्ही उभ्या दिसायला सारख्याच असतात."

"आणि?"

"खोट नव्हती. पण उभं राहून जे व्हायचं ते झालं होतं. टायर गेले, बॅटरी गेली, हे ऑइल असं काळं झालं होतं. ते नाकारून चालत नाही. दाब."

मी पेडल दाबलं. बाबांनी माझ्या प्लेसमेंटबद्दल एक अक्षर विचारलं नाही, आणि मी काही सांगितलं नाही. बाटलीत चहाच्या रंगाचं जुनं ऑइल उतरत होतं, हळूहळू पिवळं, स्वच्छ येऊ लागलं.

गाडी विकू नका, असं मी त्यांना सांगितलं. निदान माझ्यासाठी तरी नको. गेटचा फॉर्म भरलाय. आणि दिवाळीनंतर दर शनिवार-रविवार एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये जातो. पैसे नावापुरते मिळतात, पण हात फिरता राहतो. नोकरी लागेल तेव्हा लागेल, तोपर्यंत दर रविवारी हातभर पुढे सरकायचं, एवढं तर त्या लॉकडाउनने शिकवलंच आहे. माझ्यासारखे जे जे 'अनसोल्ड' हा लेख वाचत असतील, त्यांना माझ्याकडून सल्ला नाही. (मी कोण देणार?) पण स्वतःला एकदा टॉर्च लावून बघा. कुठेतरी ब्रॅकेट व्यवस्थित बसलेला असतो.

त्या दिवशी चारही चाकं झाल्यावर बाबा हात पुसत, गाडीकडे बघत म्हणाले, "उरलेली नव्हती रे ही. थांबलेली होती."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज आला, "उरलेली असू दे नाहीतर थांबलेली असू दे, वरची खोली अजून व्हायचीच आहे!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. मग आम्ही दोघांनी मुकाट्याने बॉनेट लावलं.